पडून राहिलेला प्रोपेन

साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत कसं उतरतं, त्यात चिकट थर कसा बसतो आणि ऐन वेळी इंजिन कसं रुसतं, हे मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकच विचारत होती : मग प्रोपेनचं काय? म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत.

ताई, वीज गेली तर हाताशी असावेत म्हणून आम्ही ९ किलोचे तीन प्रोपेन सिलिंडर भरून ठेवलेत. एक जनरेटरसाठी, दोन हीटरसाठी. त्यातल्या दोघांना चार वर्षांत हातही लागलेला नाही. मुलगा म्हणतो, गॅस शिळा झाला असेल, सोडून देऊ या. खरंच शिळा होतो का?

होत नाही. आणि कृपा करून सोडून तर अजिबात देऊ नका, तो उद्योग कुठल्याच घराच्या अंगणात करायचा नसतो.

पेट्रोल म्हणजे शेकडो घटकांचं कडबोळं. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्यांची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होते आणि डिंक धरतो. प्रोपेन हा एकच लहानसा रेणू, तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन. बाजारातल्या प्रोपेनमध्ये इतर वायूंचा थोडा अंश असतो, पण तेही त्याच कुळातले. पोलादी भांड्यात, स्वतःच्याच दाबाखाली, हवेशिवाय बसलेला हा गॅस दहा वर्षांनीही आज जळतो तसाच जळेल. गंमत म्हणजे या दोघांची ओळख एकाच भांड्यातून झाली. १९१० च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग नावाचा रसायनशास्त्रज्ञ पेट्रोल आपोआप का उडून जातं ते शोधत होता. उडून जाणाऱ्या वाफांत त्याला प्रोपेन सापडला. पेट्रोलला टिकू न देणारा गडी बंद डब्यात मात्र पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

तेव्हा तुमच्या मुलाची शंका चुकीची नाही, चुकीच्या जागी आहे. शिळं होतं ते भांडं. मी २६ वर्षं सिलिंडर तपासणीच्या कारखान्यात काढली. सिलिंडर यायचा, झडप काढायची, आत दिवा सोडून बघायचं, पाणी भरून साधारण ३० बारपर्यंत दाब द्यायचा, मग वाळवून नवी झडप बसवायची. जे बाद व्हायचे, त्यांचं बहुतेकांचं दुखणं बुडाशी असायचं. वरून रंग चकचकीत, आणि उलटा केला की खालच्या कड्याच्या आत ओल्या मातीची पोळी. ती खरवडली की पापुद्रे निघायचे, पापुद्र्यांखाली खड्डे. मालक म्हणायचा, ‘पण तो तर नुसता उभा होता!’ अहो, म्हणूनच. वापरातला सिलिंडर हलतो, उचलला जातो, वाळतो. उभा राहिलेला एकाच ओलीत बसून राहतो.

म्हणून पहिलं काम : त्यांना जमिनीवरून उचला. विटा, काँक्रीटची फरशी, लोखंडी जाळी, काहीही चालेल. पाणी खाली साचू नये आणि सिलिंडर डगमगू नये एवढंच. लाकडी फळी नको, ती ओल धरते आणि वर जळतेही. उचलताना कड्याच्या आत बोट फिरवा. नुसता तांबूस रंग हाताला लागला तर तारेच्या ब्रशनं घासून रंग द्या. (घासताना ठिणगी उडणार नाही असा ब्रश घ्या, आणि हे काम उघड्यावर करा.) पापुद्रा निघाला किंवा नखाला खड्डा लागला, तर ब्रश खाली ठेवा आणि सिलिंडर तपासणीला पाठवा. रंग पांढरा किंवा फिकट हवा, उन्हात कमी तापतो. आणि वरच्या गळपट्टीवर कोरलेले आकडे रंगानं बुजवू नका.

त्या आकड्यांत दोन गोष्टी असतात. एक, शेवटच्या तपासणीचा किंवा बनवल्याचा महिना आणि साल. तपासणीची मुदत देशादेशांत वेगळी आहे, पण ती संपली की भरणारा माणूस तुम्हाला परत पाठवणार. आत गॅस आहे तोवर मुदत उलटलेला सिलिंडर घरी उभा असू शकतो. पण ऐन अडचणीत तो संपला की पुन्हा भरून मिळणार नाही. चार वर्षांपूर्वी भरला तेव्हा मुदत किती उरली होती, ते आजच बघा.

दुसरा आकडा रिकाम्या सिलिंडरचं वजन. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा. सिलिंडरमध्ये किती गॅस आहे हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही. तळाशी वाटीभर द्रव उरला तरी दाब तेवढाच राहतो, कारण तो दाब द्रवाच्या तापमानावर ठरतो, मापावर नाही. शेवटचा थेंब उडाला की मगच काटा घसरतो. खरं सांगतो तो वजनकाटा. आज तिन्ही सिलिंडर काट्यावर ठेवा, त्यातून कोरलेलं वजन वजा करा, उरलेला आकडा तारखेसकट पत्र्याच्या बिल्ल्यावर लिहून गळ्यात अडकवा. दर सहा महिन्यांनी पुन्हा, त्याच काट्यावर. कागद लावू नका, पावसात गळून जातो.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. निवृत्तीनंतर माझ्याच घरामागे एक जादा सिलिंडर तीन वर्षं उभा होता. २६ वर्षं दुसऱ्यांचे तपासले, स्वतःच्या घरचा कोण बघतो! एकदा सहज वजन केलं तर ९०० ग्रॅम कमी. आधी काट्यावरच संशय घेतला, स्वतः त्यावर उभी राहून पाहिलं. मग साबणाचं पाणी केलं. आट्यांभोवती फेस लावला, काही नाही. सेफ्टी झडपेवर लावला, काही नाही. शेवटी बोटानं झडपेच्या तोंडावर साबणाचा पडदा धरला. तो सपाट होता. मी बघत बसले. अर्ध्या मिनिटात त्याला पोट आलं, घुबडाच्या डोळ्यासारखं हळूहळू फुगलं आणि फुटलं. झडप बंद होती, पण पुरती बसत नव्हती. आणि दोष कोणाचा? दर वेळी पान्यानं आवळणाऱ्या हाताचा, म्हणजे माझाच. झडपेच्या आत मऊ बैठक असते. हातानं बंद करायच्या झडपेला पाना लावला की त्या बैठकीत खाच पडते आणि पुढल्या वेळी अजून जोर लागतो. हातानं, मनगटाच्या जोरानं, बस्स.

तीन वर्षांत ९०० ग्रॅम म्हणजे दिवसाला एक ग्रॅमही नाही. उघड्यावर होता म्हणून वाऱ्यावर गेला, वाससुद्धा आला नाही. बंद खोलीत असता तर हीच गळती मी इथे विनोदानं लिहू शकले नसते. तेव्हापासून साठवणीतल्या प्रत्येक सिलिंडरच्या तोंडात आट्यांचं बूच असतं, आणि गळणाऱ्या झडपेला बूच हा इलाज नव्हे, ती दुरुस्तीलाच जाते.

आता हिशेब, कारण तीन सिलिंडर म्हणजे भरपूर असं तुम्हाला वाटत असणार. एक किलो प्रोपेन जळला की साधारण १३ युनिट उष्णता मिळते. लहान जनरेटर त्यातला पाचवा भागच वीज करून देतो, म्हणजे किलोला अडीच युनिट धरा. १ किलोवॅटचा भार दहा तास चालवायला ४ किलो गेले. तुमचा जनरेटरचा सिलिंडर पुरतं एक दिवसही काढणार नाही. त्याउलट ३ किलोवॅटचा हीटर तासाला २३० ग्रॅम घेतो, दोन सिलिंडरवर पंचाहत्तर-ऐंशी तास. माझं मत विचाराल तर प्रोपेन ऊब आणि चूल यांच्यासाठी ठेवा. वीज करण्यात तो वाया जातो. आणि जनरेटर घराबाहेर. खिडकी उघडी ठेवून आत चालवणं हे चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

आमच्याकडे तळघर आहे. थंड, कोरडं, ऊन नाही, कुलूप लागतं. सिलिंडर ठेवायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

यापेक्षा वाईट जागा कुठली, असं मी विचारलं असतं.

तुम्ही धान्य ठेवायच्या जागेचे गुण सांगितलेत. प्रोपेनचा पहिला गुण हा की तो हवेच्या दीडपट जड आहे. गळला की वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, पायऱ्या उतरतो, नाल्यात, खड्ड्यात, तळघरात जाऊन बसतो. तळघरातून पुढे त्याला जागाच नाही. दुसरा हिशेब असा : एक किलो द्रवाचा अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त वायू होतो. हवेत प्रोपेन २ टक्क्यांच्या जरा वर गेला की पेट घेऊ शकतो. म्हणजे एक किलो गॅस नीट मिसळला तर ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद खोली पेटण्याजोगी होते. तुमच्या सिलिंडरमध्ये असे किती किलो आहेत ते तुम्हीच मोजा. ठिणगीला तळघरात तोटा नसतो : पंप, फ्रीज, दिव्याचं बटण.

हा वायू किती लांब चालत जातो, याचं एक उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. ४ जानेवारी १९६६, फ्रान्समधलं फेझँ. प्रोपेनच्या मोठ्या गोल टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी कामगार काढत होते. खाली एकामागे एक दोन झडपा. पाणी संपलं, प्रोपेन जोरात येऊ लागला, उडताना त्यानं झडप इतकी थंड केली की ती गोठून अडकली आणि बंदच होईना. ढग जमिनीलगत सरकत बाजूच्या रस्त्यावर गेला आणि दीडशेएक मीटरवरच्या एका मोटारीपाशी पेटला. ज्वाळा उलट टाकीपर्यंत आल्या. पुढे टाकी फुटली, १८ माणसं गेली, त्यात आग विझवायला आलेलेही होते. ती टाकी प्रचंड आणि तुमचे सिलिंडर लहान, हे मान्य. पण वायूची चाल तीच.

तेव्हा बाहेर ठेवा. सावली, पण वारा खेळता. पत्र्याचं छप्पर चालेल, चारी बाजूंनी भिंती नकोत. जाळीचा पिंजरा केलात तर कुलूपही लावता येईल, मात्र जाळी तळापासून हवी, कारण वायू खालून जाणार आहे. खिडक्या, दारं, गटाराची झाकणं, एसीची हवा ओढणारी तोंडं यांपासून मी स्वतः ३ मीटर धरते. तुमच्याकडचा नियम जास्त सांगत असेल तर नियम ऐका. आजूबाजूला वाळका पाला, रंगाचे डबे, पेट्रोल नको. आणि पूर येणारी जागा असेल तर साखळीनं बांधा. द्रव प्रोपेन पाण्याच्या निम्म्या वजनाचा असतो, भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगून निघून जाऊ शकतो.

जागा कमी आहे. सिलिंडर आडवे रचले तर?

नाही. वरच्या बाजूला जी सेफ्टी झडप असते, तिच्यामागे वायू असावा अशी तिची योजना आहे. सिलिंडर तापला, दाब वाढला, झडप थोडा वायू सोडते आणि मिटते. आडव्या सिलिंडरमध्ये तिच्यामागे द्रव येतो. तेच छिद्र, पण बाहेर पडणाऱ्या द्रवाचा साधारण २७० पट वायू होतो. फोर्कलिफ्टचे आडवे बसणारे सिलिंडर वेगळे असतात, ते पाहून फसू नका. मोटारीतून नेतानाही उभाच, बांधून, काच खाली. आणि वाटेत दुसऱ्या कामाला थांबायचं नाही.

भरणाऱ्यानं सिलिंडर पूर्ण भरला नाही, पाचवा हिस्सा रिकामाच ठेवला. पैसे पूर्ण, माल कमी. अशी तक्रार करावी का?

त्याचे आभार माना. ८० टक्के हीच भरण्याची मर्यादा आहे. द्रव प्रोपेन उन्हानं फुगतो, आणि पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. १५ अंशांना ८० टक्के भरलेला सिलिंडर ५० अंशांना ९० टक्के होतो. गच्च भरलेल्या सिलिंडरमध्ये फुगायला जागा उरत नाही, आणि द्रव दाबला जात नाही. मग पोलाद ताणलं जातं. तुम्ही किलोंचे पैसे दिले असतील तर किलो मोजून घ्या, भांड्याच्या उंचीवर जाऊ नका.

लांब साठवणीसाठी हीच गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण हिवाळ्यात भरलेला सिलिंडर तुमच्याकडे उन्हाळाही पाहणार असतो. २० अंशांना आतला दाब साडेसात बारच्या आसपास असतो, ५० अंशांना १६. सिलिंडर त्यासाठी बनवलेला आहे. पण त्याच्यावर आणखी जास्तीची भर नको.

गॅसला वास असतोच. वास येत नाही म्हणजे गळती नाही, एवढं पुरेसं नाही का?

नाही, आणि साठवणीत तर मुळीच नाही.

प्रोपेनला स्वतःचा वास नाही. कुजक्या कोबीसारखा जो येतो तो त्यात घातलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. वासाची सक्ती मागे मोठ्या दुःखातून आली. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे एका शाळेखाली गळलेला नैसर्गिक वायू पेटला. सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्या वायूला वास नव्हता, कुणाला काही कळलंच नाही. त्यानंतर टेक्सासनं कायदा केला.

पण हा वास उतरतो. पोलादाच्या आतल्या बाजूला ताजा गंज असला तर त्याची मरकॅप्टनशी क्रिया होते आणि वास मरतो. नवा सिलिंडर, किंवा झडप उघडी ठेवून बरेच दिवस पडलेला रिकामा सिलिंडर, यांत हे सर्वाधिक होतं : आत दमट हवा शिरते, गंज धरतो, मग भरलेल्या गॅसचा वास तो गिळतो. म्हणून रिकामा सिलिंडरही झडप बंद करून, बूच लावून ठेवायचा. ‘रिकामा’ हा शब्दच फसवा आहे. आत वायू असतोच.

उलटही एक गंमत होते. मरकॅप्टन ३५ अंशांना उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जातो आणि वास तळाशी साठत राहतो. सिलिंडर संपत आला की वास एकदम भपकन येतो, आणि लोक घाबरून मला पत्र लिहितात. अशा वेळी तपासा जरूर, पण बहुधा तो संपल्याचा निरोप असतो.

नाक वयानं, सर्दीनं, सवयीनं दगा देतं. मी स्वतः तपासणी-टेबलावर दुपारनंतर वास ओळखू शकत नसे. घरात गॅसवर चालणारं उपकरण असेल तर गॅसचा अलार्म जमिनीलगत लावा, छताला नाही. आणि साबणाचं पाणी.

साबणाचं पाणी म्हणजे भांडी घासायचं कुठलंही द्रव चालेल?

अमोनिया किंवा क्लोरीन नसलेलं. पितळ अमोनियानं आतून तडकतं, आणि झडप पितळेची असते. पितळेवर निळसर-हिरवी झाक दिसली तर तिला हात लावू नका, उघडून बघू नका, सिलिंडर बदलून घ्या. खतं, जंतुनाशकं, पोहण्याच्या तलावाची पावडर हे सगळं त्याच कोठीत ठेवण्याची अनेकांना सवय असते. ती मोडा. तपासून झालं की साध्या पाण्यानं धुऊन पुसा.

मागच्या हिवाळ्यात उणे तापमानात आमचा सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी विझली. गॅस खराब होता?

तुमच्या सिलिंडरवर काय लिहिलंय ते पाहा. ‘एलपीजी’ हे कुटुंबाचं नाव आहे. त्यात प्रोपेन असतो, ब्यूटेन असतो, किंवा दोन्ही. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो. मिश्रण असेल तर थंडीत प्रोपेन आधी निघून जातो आणि ब्यूटेन बुडाशी बसून राहतो. वजन भरतं, ज्योत येत नाही. थंड जागी लांब साठवण करायची तर प्रोपेनच घ्या.

शुद्ध प्रोपेन असूनही विझली असेल तर तुम्ही फार वेगानं ओढत होतात. द्रवाला वायू व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्या अंगाकडून घेतो. बाहेरून दहिवर धरतं, आणि दहिवर जिथवर चढलंय तिथवर आत द्रव आहे. सिलिंडर जितका रिकामा, तितकं उष्णता घेणारं अंग कमी. दोन सिलिंडर एकत्र जोडा किंवा शेगडी मंद करा. ज्योत, हीटर, उकळतं पाणी यांनी सिलिंडर गरम करायचा नाही. एका वाचकानं ब्लोअर लावल्याचं लिहिलंय. त्यांचं पत्र मी घरच्यांना वाचून दाखवलं, कोणी हसलं नाही.

दोन वर्षं बंद असलेली शेगडी सिलिंडरला जोडताना आधी काय बघू?

नळी. वाकवून पाहा, पोटाला बारीक भेगा दिसल्या की फेका, पाच वर्षांहून जुनी असेल तर न बघता फेका. मग रेग्युलेटरवरचं बारीक छिद्र. त्यात गांधीलमाशी मातीचं घर करते आणि छिद्र बुजलं की रेग्युलेटर दाब नीट सांभाळत नाही. मग बर्नरची नळी, तिथे कोळी जाळं विणतो; ज्योत पिवळी पडते किंवा मागे पेटते. झडप अगदी हळू उघडा. एकदम उघडली तर काही झडपांतलं जादा प्रवाह रोखणारं पान बसून जातं आणि गॅस येत नाही, मग लोक रेग्युलेटरला दोष देतात. सिलिंडरच्या बऱ्याच जोडण्यांचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतात. बसत नाही म्हणून पाना आणायच्या आधी दुसरीकडे फिरवून बघा.